आई उगवतीला, मधी एडका

विजयमालाबाईंच्या घरात 'तिथं', 'तिकडं', 'त्या बाजूला' असले शब्द चालत नसत. नवरा नाथाजी, वीज मंडळातून निवृत्त झालेला साधासुधा माणूस, रोज सकाळी चष्मा शोधायचा आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "फ्रिजवर. पिठाच्या डब्याच्या डावीकडे. पंचांगाखाली, काड्या भिंतीकडे." चष्मा तिथंच असायचा. काड्यासुद्धा भिंतीकडेच. इतक्या बरोबर असणाऱ्या बाईबरोबर पस्तीस वर्षं काढणं हे काही खायचं काम नाही, पण नाथाजींनी काढली. बोलले नाहीत, एवढंच.

ही खोड माहेरची. माहेर कोरेगावचं. वडील फौजेतून हवालदार होऊन घरी आले ते परेड बरोबर घेऊनच आले. पोरांना शाळेत सोडताना बाएं मुड, जेवायला बसताना दाहिने मुड. ताटात मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. एकदा आईनं घाईत चटणी उजवीकडे वाढली. हवालदारांनी तोंडातून शब्द न काढता ताट अर्धं फिरवलं. चटणी डावीकडे आली, पण मीठ पोटाशी आलं, मग त्यावरून अर्धा तास ऐकवलं. अशा घरात वाढलेली पोर डावं-उजवं विसरेल होय? त्या रात्री आई न जेवता झोपली, हेही विजयमालाबाई विसरल्या नाहीत. पण ते त्या कुणाला सांगत नसत.

लग्न होऊन सांगलीला आल्या आणि विश्रामबागेतल्या 'दीपमाला फोटो स्टुडिओ'त कामाला लागल्या. काम निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं टचिंग करायचं, म्हणजे नवरदेवाच्या तोंडावरचे देवीचे वण घालवायचे. मालक नानासो. माणूस फोटोला सोन्यासारखा आणि व्यवस्थेला शून्य. तरुणपणी ते तंबू, पडदा आणि कॅमेरा घेऊन जिल्ह्यातल्या जत्रा करत. पडद्यावर राजवाडा रंगवलेला, पुढं माणसं उभी करायची, टिपायची, पुढचा. निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. वर फक्त जत्रेचं नाव आणि साल. माणसांची नावं कुठंच नाहीत.

"जत्रेत नाव कोण विचारत बसतं गं?" नानासो म्हणायचे. "चिठ्ठी फाडायची, नंबर द्यायचा."

चिठ्ठ्या लोकांनी हरवल्या. मग वीस-वीस वर्षांनी लोक यायचे. आमच्या आज्याचा फोटू हाय का? नानासो डब्यांच्या भिंतीकडे हात करायचे आणि चहा सांगायचे. लोक चहा पिऊन परत जायचे.

विजयमालाबाईंना हे बघवेना. दुधी काचेच्या दिव्याच्या पेटीवर त्यांनी एकेक निगेटिव्ह ठेवली आणि वहीत उतरवायला घेतली. नाव माहीत नाही ना, नसू दे. काय कुठं आहे ते तर दिसतंय. 'फेटेवाला खुर्चीत, मधे. त्याच्या डावीकडे बाई उभी. उजवीकडे टेबल, टेबलावर फुलदाणी, फुलदाणीमागे पोरगं, फक्त डोकं.' असं. वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला आणि खाली लाल शाईनं दोन रेघा मारल्या: 'डावं-उजवं म्हणजे बघणाऱ्याचं. फोटोतल्या माणसाचं नव्हे.' अशा चौदा वह्या झाल्या. नऊ वर्षं लागली. नानासो म्हणाले, "तुला दुसरं काही काम नाही का?" आणि पगार वाढवला.

पुढं या वह्यांचं नाव झालं. इस्लामपूरचा एक माणूस आला, त्याला आजोबांचं काहीच सांगता येईना. एवढंच आठवत होतं की आजोबांच्या मांडीवर रेडिओ होता आणि मागं दोन बायका. विजयमालाबाईंनी अकरा मिनिटांत आजोबा काढून दिले. रेडिओ नानासोंचा होता, तो त्या वर्षी सतरा आजोबांच्या मांडीवर बसला होता, पण मागं दोन बायका एकाच्याच होत्या.

नानासो गेले. मुलानं धंदा सांभाळला, आता नातू राजवर्धन बघतो. पोरगा वाईट नाही, फक्त घाई फार. त्यानं सगळ्या निगेटिव्ह संगणकात घातल्या आणि चेहरा ओळखणारा प्रोग्राम आणला. चेहरा दाखवायचा, तो लाखातनं शोधतो. "काकू, तुमच्या वह्या आता आराम करू देत," तो म्हणाला. काकूंनी वह्या कपाटाच्या वरच्या फळीवरून मधल्या फळीवर आणून ठेवल्या. हाताशी.

मागच्या फाल्गुनात आटपाडीहून धोंडुबाई आल्या. साठीला टेकलेल्या, मेंढपाळाच्या घरातल्या, डोईवर पदर, हातात कापडी पिशवी, पिशवीत डाळिंबं. येताना रिकाम्या हातानं यायचं नाही, एवढा शिरस्ता पाळून त्यांनी डाळिंबं टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "माज्या आयचा फोटू हाय तुमच्याकडं. त्यो द्या."

"आईचं नाव काय?" राजवर्धननं विचारलं.

"नाव फोटूत दिसतंय व्हय?"

विजयमालाबाईंनी मान वर केली. ही बाई त्यांना तिथल्या तिथं आवडली.

हकिगत अशी होती. बाहत्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या साली धोंडुबाई सहा वर्षांच्या होत्या. आटपाडीच्या जत्रेत बापानं एडका, म्हणजे मेंढ्यांचा नर, घेतला. चांगला बाकदार नाकाचा. त्या खुशीत नानासोंच्या तंबूत मायलेकींचा एडक्यासकट फोटो काढला. बाप मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला गेला, फोटो आणायचा राहिला. त्याच उन्हाळ्यात आई तापानं गेली. दुसरा फोटो कुठला? धोंडुबाई आईविना वाढल्या, लग्न झालं, लेकरं झाली, नातवंडं झाली. आईचा चेहरा कवाच पुसून गेला.

राजवर्धननं संगणक सुरू केला. "आजी, चेहरा कसा होता? उभट, गोल? की तुमच्यासारखा?"

"आरं बाळा, तोंड ठावं असतं तर येवड्या लांब कशाला आले असते? तोंडच न्यायला आलेय की मी."

घोडं तिथंच अडलं. राजवर्धननं 'बाई, मुलगी, मेंढा' असं टाकून बघितलं. संगणकानं दोनशे सत्तर फोटो दाखवले, त्यांत एका दाढीवाल्या बुवांना तो मेंढा समजला होता. राजवर्धननं खिडकी पटकन बंद केली.

"तुम्हाला आठवतं काय?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"जागा आठवती की! तोंड गेलं, पर जागा न्हाई गेली." धोंडुबाई उभ्या राहिल्या. खोली बंद, पडदे ओढलेले, वर एसी. तरी त्यांचा हात बिनचूक पूर्वेच्या भिंतीकडे गेला. "आय हितं, उगवतीला. मी हितं, मावळतीला. मधी एडका. एडक्याचं तोंड आयकडं. आन् पडद्याला माज्या अंगाला भोक हुतं."

आता याला म्हणतात वर्णन! विजयमालाबाईंचा जीव सुपाएवढा झाला. त्यांनी कागद घेतला. उगवत म्हणजे पूर्व. पूर्व म्हणजे उजवीकडे. शाळेतल्या नकाशात कलकत्ता उजवीकडे होतं आणि हवालदारांनी छडी लावून ते पाठ करून घेतलं होतं. म्हणजे बाई उजवीकडे, पोर डावीकडे, मधे एडका, तोंड उजवीकडे. सहावी वही, आटपाडी जत्रा, एकशे चाळीस फोटो. एडका असलेले एकतीस, पण बहुतेकांत बाप्ये मिशीला पीळ देऊन उभे. अठ्ठ्याऐंशी नंबरला बोट थांबलं. 'बाई उजवीकडे, पोर डावीकडे, मधे एडका, तोंड बाईकडे.'

राजवर्धननं फोटो मोठा करून पडद्यावर लावला. ठसठशीत कुंकू, नाकात नथनी, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारी तरणीताठी बाई. शेजारी एडका. त्याच्या पलीकडे झिंज्या पिंजारलेली पोर.

धोंडुबाई संगणकाला हात जोडून उभ्या राहिल्या. "आये," एवढंच म्हणाल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. राजवर्धनच्याही डोळ्यांत पाणी आलं. चेहऱ्याचा प्रोग्राम विकत घेतल्यापासून असा प्रसंग त्याच्यावर आला नव्हता.

फक्त पडद्याचं भोक तेवढं दिसत नव्हतं. विजयमालाबाईंच्या ते लक्षात आलं होतं. आलं होतं बरं का. उगाच त्यांची बाजू घेत नाही मी. पण समोर बाई रडत होती, राजवर्धन प्रिंट काढतही होता, आणि त्या मनात म्हणाल्या, पोरीनं झाकलं असेल भोक. चौदा वह्यांत 'असेल' हा शब्द त्यांनी एकदाही लिहिला नव्हता. मनात मात्र म्हणून बसल्या.

महिनाभर बरा गेला. मग एक दिवस आटपाडीचीच, त्याच सालची, एका जोडप्याची निगेटिव्ह प्रिंटला निघाली. विजयमालाबाईंनी ती पेटीवर ठेवली आणि खाली वाकून बघितलं. पडद्याला भोक होतं. उजव्या टोकाला, रुपयाएवढं. त्यांनी डबा काढला, पुढची बघितली, मागची बघितली. भोक उजवीकडे. सगळीकडे उजवीकडे. अठ्ठ्याऐंशीत नेमकी तिथं नथनीवाली उभी होती.

आणि धोंडुबाई म्हणाल्या होत्या, माज्या अंगाला. मावळतीला.

मावळत उजवीकडे? असं कसं होईल? विजयमालाबाई सुन्न होऊन स्टुडिओच्या जुन्या स्टुलावर जाऊन बसल्या, जिथं गिऱ्हाईक बसतं तिथं. समोर नानासोंनी पाडून घेतलेली मोठी खिडकी. उत्तरेची. नानासो मरेपर्यंत एकच मंत्र जपत आले: फोटोला उजेड घ्यावा तर उत्तरेचा, ऊन डोळ्यांत जात नाही, तोंडावर सावली पडत नाही. जत्रेतसुद्धा तंबूचं तोंड ते उत्तरेलाच करायचे, त्यासाठी शेजारच्या भेळवाल्याशी भांडायचे. माणसं उत्तरेला तोंड करून उभी. म्हणजे नानासो दक्षिणेला तोंड करून. म्हणजे उगवत नानासोंच्या डाव्या हाताला.

नकाशाला कोण विचारतो? नकाशा उत्तरेकडे बघतो, नानासो दक्षिणेकडे बघत होते! चौतीस वर्षं त्या खिडकीच्या उजेडात बसून ही गोष्ट त्यांना सुचली नव्हती. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, आणि वही उघडली. एकशे बारा नंबर. स्वतःचंच अक्षर. 'बाई डावीकडे, पोर उजवीकडे, मधे एडका, तोंड बाईकडे. पोरीचा हात मागे. बाई कॅमेऱ्याकडे बघत नाही. खराब.'

म्हणजे धोंडुबाईंनी सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. बाई बरोबर होती, वही बरोबर होती, फक्त मधली विजयमाला चुकली होती. आणि धोंडुबाई कुणाच्या तरी भलत्याच आईला घेऊन घरी गेल्या होत्या.

"काकू, राहू दे ना," राजवर्धन म्हणाला. "त्यांना चेहरा माहीतच नाही, मग चूक कळणार कशी? खुशीत आहेत. कशाला त्या म्हातारीची आई दुसऱ्यांदा मारताय?"

बोलणं वर्मी लागलं. त्या रात्री विजयमालाबाईंनी भाजीत मीठ दोनदा घातलं. नाथाजींनी मुकाट्यानं खाल्लं आणि पाणी पिऊन म्हणाले, "कुठं जायचंय ते जाऊन ये." पस्तीस वर्षांत त्यांनाही कुठं काय आहे ते थोडं समजायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी विट्यावरून आटपाडीची एसटी. मांडीवर पर्स, पर्समध्ये वहीखाली एकशे बारा नंबरची प्रिंट. स्टँडवर उतरून त्यांनी धोंडुबाईंच्या सुनेला, सोनियाला, फोन लावला.

"पाण्याच्या टाकीपसनं उगवतीला या. मग लिंबापसनं खालतीकडं."

"टाकीपासून डावीकडं का उजवीकडं, बाळ?"

"आवं, ते तुमी कंच्या अंगानं येताय त्याच्यावर हाय की!" सोनिया हसायलाच लागली. मागून धोंडुबाईंचा आवाज आला, "तिला म्हनावं, उगवत काय हलत न्हाई. डावं-उजवं माणसासंगट फिरतंय."

हे वाक्य महिन्यापूर्वी कुणी सांगितलं असतं तर! विजयमालाबाई टाकीखाली उभ्या राहिल्या, सूर्य बघितला आणि चालायला लागल्या. एकदा चुकल्या, पण पोचल्या.

पत्र्याचं नीटनेटकं घर. मागं डाळिंबाची बाग, दारात डझनभर मेंढरं. समोरच्याच भिंतीवर सोनेरी चौकटीत अठ्ठ्याऐंशी नंबर. ताज्या झेंडूचा हार, खाली उदबत्ती. नथनीवाली बाई विजयमालाबाईंकडे रोखून बघत होती.

चहा आला. तो त्यांनी तसाच ठेवला.

"धोंडुबाई, माझी चूक झाली. ही तुमची आई नव्हे."

सोनिया मोरीकडे निघाली होती ती दारातच थांबली. विजयमालाबाईंनी सगळं सांगितलं. नकाशा, नानासो, उत्तरेची खिडकी, भोक. 'पोरीनं झाकलं असेल' हेसुद्धा सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती. मग प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली आणि खाली मान घालून बसल्या.

धोंडुबाईंनी चष्मा लावला.

फोटोत डावीकडे एक काटकुळी बाई, कमरेला पदर खोचलेला. मधे एडका. उजवीकडे सहा वर्षांची पोर, आणि पोरीचा हात मागे. हाताचं बोट पडद्याच्या भोकात खुपसलेलं. एडकासुद्धा स्तब्ध उभा. फक्त बाईनं ऐन वेळी मान वळवलेली. एक गाल, एक कान, अर्धं नाक. पुरता चेहरा नाहीच.

"बोट," धोंडुबाई म्हणाल्या. "आगं, माजं बोट! पलीकडं काय हाय ते बगत हुते मी. आय म्हनत हुती, धोंडे, बोट काढ, पडदा फाटंल. फोटूवाला वरडत हुता, हिकडं बगा, हिकडं बगा." त्यांनी फोटो उजेडाला धरला. बराच वेळ धरला. "माज्यामुळंच तोंड गेलं की गं तिचं. नुसतं बोट काडलं असतं तर..."

विजयमालाबाई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. माफी मागून झाली होती.

"ही बाई बग," धोंडुबाईंनी भिंतीकडे हात केला. "सगळ्यांवानी फोटूवाल्याकडं बगती. माजी आय फोटूवाल्याकडं बगत न्हाई. माज्याकडं बगती." आणि आता त्या रडल्या. स्टुडिओत रडल्या होत्या तशा मोठ्यानं नव्हे. फोटो छातीशी धरून, आवाज न करता. विजयमालाबाईही रडल्या. सोनियानं चहा परत गरम करायला नेला.

मग प्रश्न आला चौकटीचा. चौकट एकच होती. विजयमालाबाईंनी उठून नथनीवालीचा हार काढायला हात वर केला.

"आवं, आवं! काय करताय?" धोंडुबाईंनी हात धरला. "म्हैनाभर पूजा केलीया तिची. ती बी कुनाची तर आय हाय. तिची पोर आज कुठं असंल, कुनाला ठाव. आसू दे तिला. सोने, दुसरा खिळा आन."

सोनियानं खिळा आणला, हातोडी आणली. नथनीवालीला दोन हात मावळतीला सरकवलं. उगवतीला एकशे बारा नंबर टेकवला. काच-चौकट नंतर होईल. हार दोघींना एकेक. परत निघताना धोंडुबाईंनी डाळिंबं दिली, आणि या खेपेला टाकीपर्यंत स्वतः सोडायला आल्या, बाई परत चुकेल म्हणून.

एसटीत खिडकीशी बसून विजयमालाबाईंनी सहावी वही उघडली. अठ्ठ्याऐंशी नंबरपुढं लिहिलं: 'एक प्रत आटपाडीस, धोंडुबाईंच्या भिंतीवर, मावळतीस. मुलगी शोधत आली तर पाठवावे.' गाडी हलत होती, अक्षर वाकडं आलं. मग एकशे बारा काढला. आजवर वहीत एकदा लिहिलेलं त्यांनी कधी खोडलं नव्हतं. 'बाई कॅमेऱ्याकडे बघत नाही. खराब.' हे त्यांनी सावकाश, पूर्ण खोडलं, आणि वर लिहिलं, 'बाई पोरीकडे बघते आहे.'